हिरव्या बादलीतले, निळ्या बादलीतले

इंदूर, २१ जुलै

अंगठा पाठवतेस होय मला. शोभनाच्या फोनमध्ये तोंड घालून मी घसा कोरडा होईपर्यंत बोलले, सगळं सांगितलं, आणि त्याच्यावर तुझा एक पिवळा अंगठा आला. आमच्या वेळी ज्याला लिहिता येत नसे तो अंगठा देत असे. मी चौथीतून शाळा सोडलेली, तरी बँकेत सही करते. तू किड्यांवर डॉक्टर व्हायला निघालीस आणि अंगठा देतेस. म्हणून आता कागद घेतला. कागदावर अंगठा द्यायचा तर बोट शाईत बुडवावं लागेल, तेवढी तरी मेहनत होईल.

चि. ऋजुता हिला आजीचा आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिला. राग जागच्या जागी आहे.

पत्ता शोभनाने सांगितला तसा घातला आहे. जैसलमेर, त्याच्या पुढे गाव, त्याच्या पुढे पाण्याची टाकी, त्याच्या पुढे तुमची ती अभ्यासाची छावणी. पोस्टमन खरंच तिथपर्यंत येत असेल तर त्याला चहा पाजत जा. पत्र टाकायला तुझी आईच जाणार आणि वाटेत उघडून वाचणार. शोभना, वाच, पण माझे काने-मात्रे सुधारायला बसू नकोस.

आता कामाचं. तुझी निळी बादली जिवंत आहे. जाताना दारात उभी राहून काय म्हणालीस? ‘हीपण द्या उद्या कचरागाडीत.’ एवढं बोलून रिक्षात बसलीस. मी दिली नाही. जिन्याखाली तू ठेवलीस तिथेच आहे, वरची जाळीही तूच बांधलेली. आतले तुझे वाळूवाले शेणकिडे मजेत आहेत. फ्रीजरमधला तुझा शेणाचा डबा सापडला तेव्हा तुझ्या आईने शेजारच्या मटाराच्या पिशव्यासुद्धा फेकून दिल्या, पण डबा मी वाचवला. रोज त्यातलं चमचाभर काढून देते. चमचा वेगळा ठेवला आहे, हे शोभनासाठी लिहिलं.

मोठे घाईचे आहेत हे तुझे वाळूवाले. शेण पडलं की धावत येतात, थापटून थापटून गोळा करतात, मग डोकं खाली, मागचे लांब पाय गोळ्यावर, आणि उलटे चालत सुटतात. कुठे निघालास विचारायची सोय नाही, त्याला स्वतःलाच पुढचं दिसत नाही. बादलीच्या कडेला आपटतो, वळतो, पुन्हा निघतो. मी पाट टाकून बघत बसते. टीव्हीपेक्षा बरं आहे, मध्ये जाहिराती नाहीत.

राहिले ते दुसरे, काळ्या मातीतले, हिरव्या बादलीतले. त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी जेवताना श्रीराम म्हणाला, भंवरकुआंला कोचिंगमध्ये बायोलॉजीची जागा निघाली आहे, घरी राहून शिकव, त्या वाळवंटात काय ठेवलंय. त्याने हे बोलायला नको होतं. बोलायचंच होतं तर तुझ्या पानात वरण पडल्यावर बोलायचं, भुकेल्या माणसाशी बोलू नये. तू ताट सरकवून म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही त्या हिरव्या बादलीतल्या किड्यासारखे आहात. शेण पडलं की त्याच्याच खाली खणून बसायचं, पुढे जायचं नाही.’ बापाला शेणातला किडा म्हणालीस. मी तोंडाला पदर लावला, कारण मला हसू आलं होतं.

सकाळी किडे गेले, आणि तू ठरवून टाकलंस की बापाने सूड उगवला.

आता नीट ऐक. बादली हिरवी. तिला झाकण. ठेवलीस कुठे, तर दारापुढच्या ओट्यावर, मातीला थंडावा लागतो म्हणून. सांगितलंस कुणाला, तर कुणालाच नाही. श्रीरामला वाटत होतं तुझं सगळं प्रकरण जिन्याखाली आहे. अगं, इंदुरात ओट्यावरच्या हिरव्या बादलीत जे असेल तो ओला कचरा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तुझा बाप तर कॉलनीचा सेक्रेटरी. गीला इकडे, सूखा तिकडे, हे लोकांना शिकवता शिकवता त्याचे हात आता डोक्याला विचारत नाहीत. कचरागाडीचं गाणं वाजलं, तो चहा सोडून उठला, झाकण काढलं, माती आणि शेण दिसलं, ओतलं. टाकले त्यानेच, मी नाही म्हणत नाही. पण तू बाहेर आलीस तेव्हा बादली धुऊन उपडी घातलेली होती, आठवतं का? त्याचाच तुला जास्त संताप आला, ‘वर धुऊनसुद्धा ठेवली’ म्हणून ओरडलीस. ऋजुता, रागाने फेकणारा माणूस बादली धूत बसत नाही. सवयीने टाकणारा धुतो.

तू आरोप केलास तेव्हा तो काही बोलला नाही, कारण त्याला वेळेवर बोलता येत नाही. तू विचारलं नाहीस, कारण तुला वेळेवर थांबता येत नाही. एकाच पिठाचे दोघं.

शोभना सांगते की तुमच्या मॅडमना दोन्ही किडे शेजारी शेजारी हवेत. वाळूतला कसा राहतो आणि आपल्या माळव्याच्या मातीतला कसा राहतो, दोघांची तुलना झाली तरच तुझं काम पुरं, नुसत्या वाळूवाल्यांवर कोणी विचारणार नाही. आणि मातीतले पाऊस आहे तोवर वर असतात, दसऱ्याला जमीन कडक झाली की गेले खाली. मग पुढच्या वर्षापर्यंत बस. म्हणजे वर्ष जाणार, आणि कशासाठी, तर बापाच्या घरी यायचं नाही म्हणून.

यायचं की नाही ते लिही. अक्षरं लिही.

तुझी आजी,
द्वारकाबाई


इंदूर, ३० जुलै, नागपंचमीचा दुसरा दिवस

उत्तर नाही. ठीक. मला वेळ आहे आणि शोभनाकडे पाकिटं आहेत.

हिरव्या बादलीत पुन्हा माती भरली आहे. आता बसून वाच.

तुझा डबा संपला तेव्हा मी श्रीरामला म्हटलं, शेण आण. स्वच्छतेच्या सेक्रेटरीला शेण आण म्हणायला मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शहरात शेण राहिलंय कुठे. गाई-म्हशी सगळ्या कधीच बाहेर गेल्या. मग प्रतापरावांची आठवण झाली. तुझ्या आजोबांचे दोस्त, सिमरोलच्या अलीकडे त्यांची जमीन आहे, दारात गाई आहेत. रविवारी श्रीराम स्कूटर घेऊन गेला. शेण आणायला गेलेला माणूस परत आला तो पँटचे गुडघे काळे, डब्यात शेण, आणि ऑफिसच्या टिफिनच्या खालच्या पुडात काळ्या मातीतले किडे. झाकण शोभनाने उघडलं. तिला वाटलं प्रतापरावांनी काही खायचं दिलंय.

मी विचारलं, ‘हे कोणी सांगितलं होतं आणायला?’

म्हणाला, ‘आई, मी टाकले, मी आणले. सांगायचं काय त्यात.’

‘तिला कळवू का?’

‘नको. कळवलं की तिला वाटेल मी मनवतोय.’

म्हणून मी त्याला न सांगता कळवते आहे. तो टिफिन आता किड्यांचा झाला. श्रीराम ऑफिसला पोळी-भाजी श्रीखंडाच्या डब्यात नेतो.

पण आणलेले ते सगळे सुटे सुटे निघाले. बादलीत एकेकटा शेणाखाली जाई, पोट भरी, बाहेर येई. श्रीराम म्हणाला, ऋजुताने सांगितलं होतं, जोडी लागते, जोडी असली तरच खाली घर करतात. म्हणजे जेवताना तू बडबडत होतीस तेव्हा तो ऐकत होता. मान खाली होती म्हणून कान बंद होते असं नाही.

काल नागपंचमी. त्या दिवशी आपल्यात खणत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत, तुला माहीत आहे. आपल्या पूर्वजांनी होळकरांच्या फौजेत कोणाची डोकी फोडली असतील ती असोत, नागपंचमीला जमिनीत फावडं घातलं नाही. आणि हा सकाळीच खुरपं घेऊन निघाला. मी दारात उभी राहिले.

‘आई, पाऊस उघडतोय. आज खणलं नाही तर खाली जातील सगळे.’

‘जाऊ देत. आज खणायचं नाही.’

‘अगं, ते स्वतः खणतायत की आज.’

‘ते आपल्यातले नाहीत,’ मी म्हटलं.

खुरपं ठेवून गेला. तिथे मग काय करणार, शेणाच्या एका ढिगासमोर उकिडवा बसला. दुपारी प्रतापरावांचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. ‘वहिनी, श्रीराम गाईमागे बसलाय केव्हाचा. काही नवस बोललाय का?’ पण बसला म्हणून त्याला दिसलं. खणला असता तर माती उलटीपालटी होऊन कोण कोणाचा ते कळलंच नसतं. बसल्यावर एका भोकातून माती वर आली, मग डोक्यावर शिंग असलेला किडा वर आला, थोडं शेण ओढून खाली गेला, आणि पुन्हा त्याच भोकातून बिनशिंगाची वर आली. जोडी. दोघांना त्याने मातीच्या ढेकळासकट हाताने उचललं. शिंगवाला नवरा असतो म्हणे. शिंगं नवऱ्याला दिलीत, मग बायकोला काय, हे मी विचारलं, तर शोभना म्हणाली, ‘काम.’

इतका वेळ उकिडवा बसून उठताना काय झालं ते मी लिहिणार नाही. सध्या तो डाव्या हाताने जेवतो, एवढंच. का, ते विचारायचं असेल तर फोन त्याला कर, मला नको.

काळ्या मातीतले हे दिसायला तुझ्या वाळूवाल्यांहून एकदम वेगळे. वाळूवाला चपटा, लांब टांगांचा, उन्हात चमकतो. हा जाड, काळाकुट्ट, पाय आखूड आणि पुढचे तर करवतीसारखे. चालायला लागला तर बघवत नाही. पण खाली जायला लागला की लोण्यात सुरी. शेण टाकलं की आधी काहीच होत नाही, मला वाटलं मेले. संध्याकाळी बघते तर शेण बसकं झालेलं, आतून पोकळ, आणि बाजूला ताज्या मातीचा छोटा ढीग. सगळं काम खाली. वर कोणाला दाखवायचं नाही.

वाट बघते असं समजू नकोस. मी पत्र लिहिते, वाट शोभना बघते.

आजी


इंदूर, ११ ऑगस्ट

राखीला शोभनाच्या फोनवर तुझा फोटो आला. डोक्याला फडकं, मागे वाळू, हातात चिमटा. वाळली आहेस. खाली लिहिलं होतंस, ‘हिरव्या बादलीत खरंच आहेत का?’ शोभनाने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, ‘आई, आता बोलली बघा ती.’ मी म्हटलं, शोभना, ही किड्यांची चौकशी आहे, हुरळू नकोस.

खरंच आहेत. खोटं लिहायला मला काय पगार मिळतो?

हाताचं कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगून टाकते, पोटात ठेवून मला अपचन होतं. नागपंचमीला प्रतापरावांच्या गोठ्याशी तो उठला, पाय मुंग्यांनी बधिर झालेले, शेणावरून घसरला. किडे डाव्या हातात होते, म्हणून उजवा टेकला. मनगट मोडलं, प्लास्टर आहे. ढेकूळ मात्र फुटलं नाही. डॉक्टरने विचारलं, ‘कैसे गिरे?’ तर म्हणाला, ‘गोबर पे.’ डॉक्टर म्हणाला, ‘इंदौर में? झूठ मत बोलिए भियाजी.’

आता स्कूटर तुझी आई चालवते. फ्रीजरमधल्या डब्यावरून जिने घर डोक्यावर घेतलं होतं, ती शोभना आता श्रीरामला मागे बसवून, त्याच्या मांडीवर शेणाची बरणी ठेवून लालबागवरून येते. कॉलनीत सगळे बघतात. समोरच्या इंदिराजींनी परवा ओट्यावर येऊन म्हटलं, ‘श्रीरामजी, आपके यहाँ से बास आ रही है. सेक्रेटरी के घर से.’ मला वाटलं हा आता माफी मागेल, फिनेल आणेल. हा म्हणाला, ‘आती होगी, इंदिराजी. बेटी का काम है.’ आणि आत येऊन डाव्या हाताने पाणी प्याला. आजच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी दुसरा नेमा म्हणून सांगून आला. कोणी काढलं नाही, स्वतःच सोडलं. म्हणाला, दोन्ही होत नाही.

हे तुला रडवायला लिहीत नाही. तुला रडू येत नाही, ते माझ्यावर गेलंय.

आता माझ्या एका उद्योगाचं सांगते. परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. मनात आलं, तू बापाला जे म्हणालीस ते बघावं तरी. तुझा एक वाळूवाला उचलला आणि काळ्या ओल्या मातीवर सोडला, टिफिनमधला एक सुटा शिंगवाला उचलला आणि वाळूत सोडला. जोडीला हात लावला नाही, तेवढी अक्कल मला आहे. दोघांपुढे सारखं शेण ठेवलं आणि पाटावर बसले.

वाळूवाल्याने नेहमीप्रमाणे गोळा केला. ढकलायला लागला तर गोळ्याला चिखल, पायाला चिखल. गोळा लाडवासारखा गोल होता तो भजीसारखा वेडावाकडा झाला. उलटा पडला, सुलटा झाला, पुन्हा ढकलला. मग गोळा सोडून जाळीवर चढून बसला, पाय पुसत. तिकडे वाळूत आपला काळा खणायला लागला. खणलं की वाळू आत. पुन्हा खणलं, पुन्हा आत. दुपारभर तो त्याच जागी खणत होता आणि तिथे वाटीएवढा खळगासुद्धा झाला नाही. शेण वरच्या वर वाळून खडखडीत झालं.

तेव्हा मला कळलं, वाळूवाला पळतो तो हौसेने नाही. तुमच्याकडे शेण ऊन लागून लगेच वाळतं, शिवाय दुसरा येऊन पळवतो, म्हणून आपला वाटा घेऊन सुटायचं. इकडे माती मऊ, हवा ओली, शेण टिकतं, मग पळायचं कशाला, सरळ खाली. हे तुझ्या वहीत असेलच, मी काही नवीन सांगत नाही. मी एवढंच सांगते की तू ‘खणून बसायचं’ म्हणालीस ना, ते चूक. तो बसत नाही. दिवसभर माती वर आणतो, तुला दिसत नाही कारण तू वरून बघतेस.

आणि तुझा बाप तुला भंवरकुआंला बसवायला निघाला होता, ते म्हणजे वाळूवाल्याला चिखलात सोडणं. हेही मी त्याला तोंडावर सांगितलं, संध्याकाळी तो आल्या आल्या. त्याने आधी दोघांना आपापल्या जागी नेऊन ठेवलं, माझ्यावर डोळे काढले, मग म्हणाला, ‘आई, किड्यांवरून माणसांचं काढू नकोस.’

मी म्हटलं, ‘सुरुवात तुझ्या लेकीने केली, मी फक्त तपासलं.’

तो म्हणाला, ‘कोचिंगवाल्यांना मी केव्हाच नको म्हणून सांगितलं. म्हटलं मुलगी वाळूत काम करते, तिथेच बरी आहे.’

‘कधी सांगितलंस?’

‘ती गेली त्याच दिवशी.’

‘मग तिला का नाही सांगितलंस?’

‘तिने विचारलं नाही.’

काय करू मी तुम्हा दोघांचं, सांग. तोंडं दिली आहेत देवाने, ती जेवायलाच वापरता.

आजी


इंदूर, २६ ऑगस्ट, उद्या गणपती

तुझं पत्र आलं. पाकीट जाड होतं, शोभना म्हणाली, ‘आई, लवकर उघडा.’ चष्मा लावून उघडलं. आत प्रश्न. भोक किती खोल, माती किती ओली ठेवता, शेण किती दिवसांनी घालता, नर वर येतो का, मादी खाली थांबते का, गोळे झाले का. अक्षर छान आहे. शेवटी ‘आजी, तब्येत जप’. बाबा हा शब्द कागदावर कुठे नाही. मी पाठीमागूनही पाहिलं.

आधी माझं म्हणणं ऐक, मग तुझ्या प्रश्नांचं बघू.

बादली आता वरून शांत आहे. जोडीने भरपूर शेण खाली नेलं, मग एक दिवस शिंगवाला वर आला आणि परत गेलाच नाही, कोपऱ्यात बसून असतो. मादी वर आली नाही ती आलीच नाही. मी म्हटलं मेली असेल, उकरून बघू या. सांडशी घेऊन बसलेसुद्धा. श्रीरामने प्लास्टरचा हात मध्ये घातला. ‘आई, उकरलंस तर ती अंडी घातलेले गोळे सोडून जाईल. बसू दे तिला.’ नागपंचमीला मी त्याला खणू दिलं नव्हतं, आता तो मला खणू देत नाही. रोज ऑफिसला जायच्या आधी बादलीला बाहेरून तळहात लावतो, गार आहे का बघायला. झारीने पाणी घालतो ते असं की ओहोळ येऊ नये. शेजारच्या वाळूच्या बादलीत एक थेंब जाऊ देत नाही, त्यासाठी मध्ये पत्र्याचा तुकडा उभा केला आहे. एवढी काळजी त्याने माझ्या तुळशीची केली असती तर ती अशी काटकी झाली नसती.

तुझ्या वाळूवालीचंही बघितलं. ती गोळा घेऊन गेली, पुरला, आत काय करायचं ते केलं, वरून वाळू सारली आणि निघाली, दुसऱ्या गोळ्याच्या मागे. वळून पाहिलं नाही. आणि ही इकडची खाली गोळ्यांपाशी बसलेली. शोभनाने हे ऐकलं आणि तिचे डोळे भरले, म्हणे, ‘आई ती आई असते, नाही?’ मी म्हटलं, शोभना, ऊठ, कुकर लाव. वाळूवालीची पिल्लंही बाहेर येतातच की. तिच्याकडे कोरडं आहे, पुरलं की राहतं. हिच्याकडे ओल, बुरशी धरते, म्हणून हिला बसून साफ करत राहावं लागतं, असं श्रीराम सांगतो. जिची जशी जमीन. त्यात थोर कोणी नाही आणि नादान कोणी नाही.

म्हणून तू गेलीस याबद्दल माझी तक्रार नाही. वाळूत राहा, तिथे तू चांगली दिसतेस, फोटो मी देवघराशेजारी लावला आहे. तक्रार ही की न बोलता गेलीस. किड्याला बोलायला तोंड नाही, तो गोळा घेऊन सुटला तर मी समजू शकते.

आता तुझे प्रश्न. मी ते श्रीरामच्या टेबलावर नेऊन ठेवले. माझी पत्रं गेली होती हे त्याला तेव्हा कळलं. रागावला नाही, आधी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हणाला, ‘खोली हिला इंचात हवी की सेंटीमीटरमध्ये?’

मी म्हटलं, ‘मला काय ठाऊक. तिला विचार.’

‘तिने तुला विचारलंय.’

‘मी काय भोकात उतरले होते?’

तरी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, ‘तू लिही, मी सांगतो.’ उत्तरं सगळी त्याच्याकडे आहेत, ओठांवर आहेत. भोकाशेजारी काडी घालून त्याने खोलीसुद्धा मोजून ठेवली आहे, मादीला न हलवता कशी मोजली ते तोच जाणे. मी म्हटलं, नाही लिहिणार. तो सांगणार, मी लिहिणार, तू मला धन्यवाद म्हणणार, आणि तुम्ही दोघं माझ्या पाठीआड उभे राहणार. माझी पाठ आता एवढी रुंद नाही.

तर असं कर. तुझा प्रश्नांचा कागद ह्याच पाकिटात परत पाठवते आहे. वर ‘प्रिय आजीस’ आहे ते खोड, ‘बाबांस’ लिही आणि पोस्टात टाक. हाताचं विचारायचं असेल तर तेही त्याच्यातच विचार, कागदाला खाली जागा आहे. हिरव्या बादलीला पाऊस उघडेपर्यंत धोका नाही, पण दसऱ्याच्या आत तू स्वतः येऊन बघितलं नाहीस तर ती बादली तुझ्या कामाची राहणार नाही, एवढं मलाही कळतं. कोणत्या गाडीने येतेस तेही त्यालाच कळव, स्टेशनवर शोभना स्कूटर आणेल, तो मागे बसेल, तू रिक्षा कर.

या पत्राचं उत्तर मला लिहायचं नाही. मी उघडणार नाही, आणि शोभनालाही उघडू देणार नाही. तू श्रीरामला लिहायचं, श्रीराम तुला उत्तर देईल, डाव्या हाताने देईल, अक्षर शेणकिडा शाईतून चालल्यासारखं येईल, ते पुरतं वाचायचं. आणि त्याला तुझं उत्तर शब्दांत गेलं पाहिजे, अंगठा नाही.

द्वारकाबाई